डॉ. राफाएल लेम्किन व पळविलेली लेकरे

लढाईत माणसे मरतात, घरे जळतात, पिके नासतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण लढाईत आणखी एक दुष्कर्म होत असते, आणि त्याचा आवाज तोफेइतका मोठा नसल्यामुळे ते पुष्कळदा जगाच्या कानी येत नाही. जेता पराभूतांची लेकरे उचलून नेतो; त्यांस नवे नाव, नवी भाषा व नवे आईबाप देतो; आणि थोड्याच वर्षांत आपण कोण होतो याची आठवणही त्या लेकरांस उरत नाही. असे करणारा राजा असो की सेनापती असो, त्यास जगाच्या न्यायासनापुढे उभे करता यावे, असा कायदा आज आहे. तो कायदा घडविण्यासाठी ज्या एका मनुष्याने आपले आरोग्य, पैसा व सर्व आयुष्य खर्ची घातले, त्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

हे कर्म नवे नाही. यरुशलेमास वेढा पडल्यावर बाबेलच्या राजाने यहूदाच्या उच्च कुळांतील मुले निवडून नेली, त्यांस खास्द्यांची भाषा शिकविली, आणि दानीएल व त्याचे तिघे सोबती यांची नावे बदलली, हे आमच्या शाळांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. त्या काळी अशा राजास जाब विचारील असे न्यायालय पृथ्वीवर नव्हते. आश्चर्य हे की, विसावे शतक उजाडले तरीही ते नव्हते.

बालपण

राफाएल लेम्किन याचा जन्म २४ जून १९०० रोजी व्होल्कोविस्क गावाजवळील बेझ्वोद्ने नावाच्या खेड्यात एका यहूदी कुटुंबात झाला. तो मुलूख त्या वेळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. पुढे तो पोलंडकडे गेला, आणि आज तो बेलारूस देशात मोडतो. बाप योसेफ खंडाने जमीन करीत असे. त्या राज्यात यहूद्यांस शेतजमीन बाळगण्याची मोकळीक नव्हती, म्हणून गावच्या पोलीस अंमलदारास चिरीमिरी देऊनच या कुटुंबास शेतावर राहता येई. आई बेला विदुषी होती. तिला चित्रे काढता येत, अनेक भाषा येत, आणि मुलांचा विद्याभ्यास तिनेच घरी करून घेतला.

राफाएल सुमारे बारा वर्षांचा असता त्याने पोलंडचे ग्रंथकार सिएन्किएविच यांची को वादिस ही कादंबरी वाचली. रोमचा बादशाह नीरो याने ख्रिस्ती लोकांचा कसा छळ केला, त्यांस सिंहांपुढे कसे टाकले, आणि रोमचे लोक टाळ्या पिटीत कसे बसले, याचे वर्णन तीत आहे. त्या यहूदी मुलाच्या मनात असे आले की, या लोकांनी पोलिसांस हाक का मारली नाही? त्याने हे आईस विचारले. जेथे राज्यच मारणारे आहे तेथे पोलीस काय करणार, हे त्यास तेव्हा प्रथम कळले. ही गोष्ट त्यास केवळ पुस्तकातली वाटली नाही, कारण इ. स. १९०६ साली त्यांच्या घरापासून फार दूर नसलेल्या बियालिस्टोक शहरात यहूद्यांची कत्तल झाली होती, आणि तिच्या कथा घरोघर सांगितल्या जात होत्या.

आर्मेनियन मुलांची दशा

पुढे पहिले महायुद्ध पेटले. इ. स. १९१५ साली तुर्की सरकारने आपल्या राज्यातील आर्मेनियन ख्रिस्ती लोकांस गावोगावाहून हाकलून सीरियाच्या वाळवंटाकडे चालविले. पुरुषांस बहुधा वाटेतच मारण्यात आले. बायका व मुले उपासमारीने, तहानेने व रोगाने रस्त्यात पडली. जी लेकरे जगली त्यांपैकी हजारो परक्या घरांत वाटली गेली. कोणी नोकर झाली, कोणी मुलगे करून घेतली गेली. लेबनानातील अंतूरा येथील सरकारी अनाथगृहात अनेक आर्मेनियन मुले ठेवून त्यांस तुर्की नावे देण्यात आली, आणि आपली भाषा बोलण्यास त्यांस मनाई करण्यात आली.

युद्ध संपल्यावर या मुलांचे काय करावे हा प्रश्न निघाला. इ. स. १९२० च्या सेव्र येथील तहात दोन कलमे घातली होती : एक अशा पळविलेल्या माणसांचा शोध करून त्यांस सोडविण्याविषयी, व दुसरे कत्तली करविणाऱ्यांस न्यायासाठी स्वाधीन करण्याविषयी. परंतु तो तह कधीच अमलात आला नाही. इ. स. १९२३ साली लोझान येथे दुसरा तह झाला, आणि त्यासोबत जुन्या कृत्यांस माफी देण्यात आली. राष्ट्रसंघाने मुलांस शोधण्याचे काम मात्र हाती घेतले, आणि कॅरेन येप्पे नावाच्या डेन्मार्कच्या थोर बाईने अलेप्पो शहरी आश्रम चालवून शेकडो बायका व मुले परत मिळविली. मुले शोधणारे निघाले. पण मुले पळविणाऱ्यांस शिक्षा करणारे कोणी निघाले नाही. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण लेम्किन यांच्या सर्व आयुष्याचे मर्म त्यातच आहे.

कोंबड्यांचा दृष्टांत

तुर्कस्तानचा माजी मंत्री तलात पाशा हा त्या हद्दपारीचा मुख्य करविता समजला जाई. तो बर्लिनला पळून जाऊन राहिला होता. १५ मार्च १९२१ रोजी तेहलिरियान नावाच्या आर्मेनियन तरुणाने त्यास भर रस्त्यात गोळी घातली. खटला चालला, आणि जूरीने त्या तरुणास निर्दोषी ठरविले. लेम्किन त्या सुमारास ल्वूफ येथील विद्यापीठात शिकत होते. हे शहर तेव्हा पोलंडात होते. आज ते युक्रेनात आहे. त्यांनी आपल्या गुरूंस विचारले की, आर्मेनियन लोकांनी तलातवर रीतसर फिर्याद का केली नाही? गुरूंनी उत्तर केले की, त्यास पकडता येईल असा कायदाच नाही. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या मालकीच्या कोंबड्या मारल्या, तर शेजाऱ्यास त्यात बोलण्याचा काय अधिकार? तसेच राजा व त्याची प्रजा यांचे समजावे.

लेम्किन यांनी हा प्रसंग पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. माणसे म्हणजे कोंबड्या नव्हेत, ही गोष्ट त्यांस इतकी लागली की, एका माणसाचा खून केल्यास फाशी आणि लाखोंचा केल्यास मोकळीक हा कोणता न्याय, असा विचार त्यांच्या मनातून पुढे कधी गेला नाही. इ. स. १९२६ मध्ये ते कायद्याचे डॉक्टर झाले, आणि नंतर वार्सा येथे सरकारी वकील झाले. इ. स. १९३३ च्या ऑक्टोबरात माद्रिद येथे कायदेपंडितांची परिषद भरली. तिच्यासाठी त्यांनी एक निबंध लिहिला, आणि एखाद्या जातीचा किंवा धर्माच्या लोकांचा नाश करणे हा सर्व देशांनी मिळून शिक्षा करण्याचा गुन्हा ठरवावा, असे सुचविले. पोलंड सरकारने त्यांस परिषदेस जाऊ दिले नाही. निबंध तेवढा पोहोचला. पण सूचना कोणी उचलून धरली नाही. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता.

घर सुटले

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन सैन्य पोलंडात शिरले. लेम्किन वार्साहून निघाले, आणि रानावनांतून पायी चालत, लपतछपत घरी पोहोचले. त्यांनी आईबापांस आपल्याबरोबर चलण्याविषयी पुष्कळ विनविले. म्हातारी माणसे घर सोडण्यास राजी झाली नाहीत. ती भेट शेवटची ठरली. तेथून ते लिथुएनियातून स्वीडनास गेले, आणि इ. स. १९४१ साली रशिया व जपान यांच्या वाटेने अर्ध्याहून अधिक पृथ्वी ओलांडून अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पोहोचले.

स्वीडनात असता त्यांनी एक विलक्षण उद्योग आरंभिला होता. जर्मन अधिकारी जिंकलेल्या देशांत जे हुकूम छापून काढीत, ते सर्व त्यांनी जमविले. कोणी कोणती भाषा बोलावी, कोणी कोणाशी लग्न करावे, कोणास किती अन्न मिळावे, कोणाची जमीन कोणास द्यावी, हे सर्व त्या हुकमांत होते. एकेक हुकूम वाचला तर तो कारकुनी कागद दिसे. सर्व एकत्र वाचले म्हणजे एका लोकसमाजाचे मूळच उपटण्याचा बेत दिसे. इ. स. १९४४ साली त्यांनी या हुकमांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्या बेतास नाव नव्हते म्हणून नवा शब्द घडविला. ग्रीक भाषेत वंशास जो शब्द आहे त्यास लॅटिनमधील मारण्याचा शब्द जोडून त्यांनी जेनोसाइड, म्हणजे वंशसंहार, हा शब्द केला. त्यांचे सांगणे असे होते की, वंशसंहार केवळ तलवारीने होत नाही. लोकांची भाषा, धर्म, अन्न व संतती यांवर घाला घातल्यानेही तो होतो.

मुलांची लूट

लेम्किन अमेरिकेत हे लिहीत असता त्यांच्या मायदेशात काय चालले होते? हिटलरचा सहकारी हिमलर याच्या हुकमाने जर्मन अधिकारी पोलंडातील मुलांची तपासणी करीत. केस पिवळे, डोळे निळे, डोक्याचा घाट मनाजोगा असा दिसला की ते मूल आईबापांपासून किंवा अनाथगृहातून काढून नेत. त्यास जर्मन नाव देत, जन्माचे खोटे दाखले करीत, पोलिश भाषा बोलल्यास मार देत, आणि मग जर्मन कुटुंबांत वाटीत. पोलंडच्या बाजूने अशा मुलांची संख्या सुमारे २,००,००० सांगितली गेली आहे. काही इतिहासकार ती याहून बरीच कमी मानतात. बोहेमियातील लिदित्से गावी इ. स. १९४२ च्या जूनमध्ये सर्व पुरुषांस गोळ्या घातल्या. मुलांतून जर्मन करण्याजोगी थोडीच निवडली, आणि ८२ मुलांस खेल्म्नो येथे विषारी वायूने मारले. युद्धानंतर त्या गावची १७ मुले परत मिळाली. काहींस आपल्या आईशी बोलण्याइतकीही मातृभाषा उरली नव्हती.

दुसऱ्या बाजूचाही उल्लेख केला पाहिजे. पोलंडच्या पूर्व भागावर रशियाने कब्जा केला होता. इ. स. १९४० व १९४१ मध्ये तेथील लाखो माणसे मुलांबाळांसह आगगाडीच्या बंद डब्यांतून सैबेरिया व कझाकस्तानकडे पाठविण्यात आली. त्यांपैकी जी वाचून बाहेर पडली त्यांतील काही थेट आमच्या महाराष्ट्रात आली. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, आणि तीत बहुतेक बायका व मुलेच होती. तेथे त्यांची शाळा होती, देऊळ होते, आणि मुख्य गोष्ट ही की, त्या मुलांची नावे व भाषा त्यांच्यापाशीच राहिली. परक्या मुलास आश्रय देणे निराळे आणि परके मूल आपले म्हणून पळविणे निराळे. हा भेद पंचगंगेच्या काठच्या लोकांनी कोणत्याही कायद्यावाचून पाळला, हे सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो.

न्यूरेंबर्गचा निकाल

युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्ग येथे जर्मन पुढाऱ्यांवर खटला चालला. लेम्किन तेथे सल्लागार म्हणून गेले. तेथेच त्यांस घरची बातमी लागली. आईबाप व आप्त मिळून ४९ माणसे मारली गेली होती. भाऊ एलियास व त्याचे बायकामुले तेवढी वाचली होती. इ. स. १९४६ च्या शरद ऋतूत निकाल लागला. पण त्यात वंशसंहार हा शब्द आला नाही, आणि युद्धापूर्वी केलेल्या कृत्यांबद्दल शिक्षा झाली नाही. शांततेच्या काळी राजाने आपल्या प्रजेचे काही केले, तर तो अजूनही मोकळाच राहणार होता. कोंबड्यांचा दृष्टांत अजून मेला नव्हता.

न्यूरेंबर्ग येथेच अमेरिकन न्यायालयापुढे चाललेल्या, आणि इ. स. १९४८ च्या मार्चमध्ये निकाल लागलेल्या दुसऱ्या एका खटल्यात मुले पळविण्याचा आरोप प्रत्यक्ष आला. १४ आरोपी होते. काहींस त्याबद्दल शिक्षा झाली; परंतु मुले वाटणाऱ्या लेबेन्सबोर्न संस्थेचे अधिकारी त्या आरोपातून सुटले. स्पष्ट कायद्याची किती गरज होती, हे यावरून दिसून येईल.

कायदा कसा झाला

लेम्किन न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभेत गेले. त्यांच्यापाशी ना पद, ना पैसा, ना कोणत्या सरकारचा परवाना. हातात जुनी पिशवी घेऊन ते दालनादालनांत उभे राहत, आणि येणाऱ्याजाणाऱ्या वकिलांस गाठीत. त्यांनी लहान देशांकडे आधी तोंड वळविले. क्यूबा, पनामा व हिंदुस्थान या तीन देशांनी ठराव मांडण्याचे कबूल केले. हिंदुस्थान तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. त्याच्या प्रतिनिधिमंडळाच्या मुख्य श्रीमती विजयालक्ष्मी पंडित होत्या. ११ डिसेंबर १९४६ रोजी तो ठराव एकमताने पास झाला.

ठराव झाला, तरी करार घडविणे पुढेच होते. इ. स. १९४७ च्या मसुद्यास लेम्किन व दुसरे दोन कायदेपंडित यांचे साहाय्य होते. त्यात एका समाजाची मुले बळाने दुसऱ्या समाजाकडे देणे हा गुन्हा सांगितला होता. परंतु तो संस्कृतीचा संहार या सदराखाली घातला होता. हे सदर पुष्कळ मोठ्या देशांस नको होते, कारण ज्यांच्या ताब्यात परके लोक होते त्यांस आपल्यावर बोट येईल अशी भीती वाटे. अखेर इ. स. १९४८ च्या ऑक्टोबरात ते सदर सर्वच गळाले.

मुलांचे कलमही त्याबरोबर नाहीसे व्हावयाचे. पण ग्रीस देशाने ते वेगळे काढून पुन्हा मांडले. मुले गेली म्हणजे त्या समाजाची पुढली पिढीच गेली. हा केवळ संस्कृतीचा प्रश्न नसून वंशाचाच प्रश्न आहे, असा त्याचा मथितार्थ होता. त्याच वर्षी ग्रीसमधील यादवीत हजारो मुले सरहद्दीपार नेली गेली होती. मते घेतली तेव्हा कलमाच्या बाजूने २० व विरुद्ध १३ पडली, आणि १३ देश तटस्थ राहिले. सात मतांच्या फरकाने मुलांचे कलम वाचले. ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे सर्व करार एकमताने मान्य झाला. त्याच्या दुसऱ्या कलमात वंशसंहाराचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि पाचवा प्रकार मुले बळाने हलविण्याचा आहे. चौथ्या कलमाप्रमाणे गुन्हेगार राज्यकर्ता असो, अंमलदार असो की साधा मनुष्य असो, त्यास शिक्षा झालीच पाहिजे.

शेवटची वर्षे

१२ जानेवारी १९५१ पासून करार अमलात आला. लेम्किन यांनी मात्र स्वस्थ बसणे पत्करले नाही. देशोदेशींच्या सरकारांनी करारावर शिक्कामोर्तब करावे म्हणून ते पत्रांवर पत्रे लिहीत राहिले. त्यांनी लग्न केले नाही. काही काळ येल व रटगर्स विद्यापीठांत शिकविले. पण प्रकृती ढासळली, कर्ज झाले, आणि खोलीचे भाडे देण्याचीही पंचाईत पडली. शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले. ते मिळाले नाही. २८ ऑगस्ट १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. दफनास थोडीच माणसे होती. योगायोग असा की, आदल्याच दिवशी, म्हणजे २७ ऑगस्ट १९५९ रोजी, भारताने या करारास संमती दिली होती. ज्या अमेरिकेने त्यांस आसरा दिला, तिने संमती देण्यास इ. स. १९८८ साल उजाडले.

त्यांच्या मागे

शिक्षा सांगणारा कायदा होता, पण शिक्षा करणारे कायमचे न्यायालय नव्हते. तेही हळूहळू झाले. २ सप्टेंबर १९९८ रोजी रुआंडा देशातील कत्तलीबद्दल नेमलेल्या न्यायालयाने एका गावप्रमुखास वंशसंहाराचा दोषी ठरविले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या गुन्ह्याबद्दल दिलेला हा पहिला निकाल होय. इ. स. २००२ पासून हेग येथे कायमचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय चालू झाले, आणि मुलांचे कलम त्याच्याही कायद्यात शब्दशः आले.

१७ मार्च २०२३ रोजी या न्यायालयाने रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन व त्यांच्या सरकारातील बालहक्कांच्या अधिकारी मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर पकड वॉरंट काढले. युक्रेनच्या व्यापलेल्या भागांतून मुले बेकायदा रशियात नेली, हा आरोप होय. आरोप वंशसंहाराचा नसून युद्धगुन्ह्याचा आहे, हे सांगणे अवश्य आहे, कारण वंशसंहारात नाश करण्याचा हेतूही सिद्ध करावा लागतो. युक्रेन सरकारने अशा १९,००० हून अधिक मुलांची नोंद केली आहे. रशियाचे म्हणणे असे की, मुलांस लढाईतून वाचविण्यासाठी नेले. ते सरकार न्यायालयाचा अधिकार मानीत नाही. न्यायालयापाशी स्वतःचे शिपाई नाहीत. इ. स. २०२४ च्या सप्टेंबरात पुतिन मंगोलियात गेले, तो देश न्यायालयाचा सभासद असूनही त्यांस कोणी अटकाव केला नाही.

तर मग लेम्किन यांचे कष्ट व्यर्थ गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्या दिवशी ल्वूफच्या गुरूंनी कोंबड्यांचा दृष्टांत दिला, त्या दिवशी त्यांचे बोलणे कायद्याने खरे होते. आज ते खोटे आहे. कोणत्याही राजास मुले नेण्याचा आपणास अधिकार आहे असे आता उघड म्हणता येत नाही; तो त्यांस वाचविले असे म्हणतो, म्हणजे जाब देणे आपणावर आहे हे तो स्वतःच कबूल करतो. न्याय पायी चालतो, आणि चोर घोड्यावर बसून जातो. तथापि वाट आखलेली असली तर पायी चालणाराही मुक्कामास पोहोचतो.

एक गोष्ट खेड्यांतील आमच्या बंधुभगिनींनी व विशेषेकरून उपदेशकांनी ध्यानात ठेवावी. पोलंडात मूल पळविणाऱ्यांनी प्रथम त्याचे नाव व जन्माचा दाखला बदलला, आणि शोधणाऱ्यांस प्रथम त्याच दोन गोष्टींची गरज पडली. मुलाचे नाव, जन्मतिथी, आईबाप व गाव यांची खरी नोंद हा त्या मुलाचा पहिला किल्ला होय. दुष्काळात, दंगलीत किंवा पुरात हरवलेले लेकरू कोणाच्या दारी आले, तर त्यास अन्न व आसरा द्यावा; पण त्याचे नाव बदलू नये, त्याची भाषा तोडू नये, आणि त्याच्या माणसांचा शोध थांबवू नये. लेम्किन यांनी सर्व राष्ट्रांकडून जे कागदावर लिहून घेतले, ते याहून निराळे नाही.